पाचशेवं जनावर

पंढरी सोनकांबळे हा चौतीस वर्षं एस.टी.च्या गाड्यांखाली उताणा पडून काम केलेला माणूस. नांदेडच्या वर्कशॉपातून रिटायर झाला तेव्हा त्याला उभं राहून जग बघायची हौस आली. कुठल्याशा शाळेची भंगारात निघालेली मिनीबस त्यानं घेतली आणि दोन वर्षं दारात लावून तिचं घर केलं. आत झोपायला दिवाण, गॅसची शेगडी, भांड्यांना फळी, टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना बायकोच्या जुन्या साड्यांचे पडदे. तिला तो घरगाडी म्हणायचा. त्याची बायको पंचशीला तिला काहीच म्हणायची नाही.

पंचशीला जिल्हा परिषदेच्या शाळांत तेहतीस वर्षं मास्तरीण होती. हजेरीत आलेल्या पोराला हजर आणि न आलेल्याला गैरहजर, याच्या पलीकडं तिनं कधी पेन चालवलं नव्हतं. घरगाडीतून फिरायला यायला ती तयार झाली ती एकाच अटीवर. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, ते साल होतं. नांदेडात त्यांच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी यायचा. मंगळवारी येऊन गेला होता. पुढच्या मंगळवारच्या आत तिला घरात, नळापाशी, हांडा घेऊन उभं राहायचं होतं.

पंढरी कबूल झाला. त्याच्या डोक्यात मोबाइलवर बघितलेला एक व्हिडिओ होता. परदेशात म्हणे गावाच्या कडेला मोठं मैदान असतं. तिथं अशा घरगाड्या ओळीनं उभ्या राहतात. प्रत्येक गाडीला पाणी, प्रत्येक गाडीला लाइट. माणसं संध्याकाळी खुर्च्या टाकून बसतात, शेजारच्या गाडीतल्यांशी बोलतात आणि वाटलं की पुढच्या गावाला जातात. आपल्याकडंही असं कुठंतरी असेलच, असं त्याचं म्हणणं. पंचशीलाचं म्हणणं, नसेल.

जळकोटच्या पुढं डोणवाडा नावाचं गाव आहे. त्या साली त्या गावाला आपण जिल्हा होणार अशी पक्की खात्री झाली होती. सरकारनं तसं कुठं म्हटलं नव्हतं, पण नाही असंही म्हटलं नव्हतं. गावानं आपल्या बाजूनं तयारी ठेवली. सलूनवाल्यानं पाटीवर जिल्हा केशकर्तनालय रंगवून घेतलं. गावाबाहेरच्या माळावर पुढाऱ्यांनी एक लोखंडी बोर्ड रोवला : नियोजित जिल्हाधिकारी कार्यालय. तेव्हापासून त्या माळाला सगळे कलेक्टर हापिस म्हणू लागले. दुष्काळ पडला आणि जनावरांची छावणी कुठं उभारायची असा प्रश्न आला तेव्हा ती तिथंच उभी राहिली, कारण एवढी रिकामी जागा दुसरी नव्हती.

सोनकांबळे जोडपं डोणवाड्यात पोचलं तेव्हा दुपार उतरली होती. पंढरीनं पेट्रोल पंपावर विचारलं की गाडी लावून दोन दिवस राहायला इथं कॅम्प वगैरे आहे का. पंपावरच्या माणसानं छावणी का, म्हणून विचारलं आणि कलेक्टर हापिसाकडं हात केला. पंढरीला सरकारी जागा म्हटल्यावर जास्तच आनंद झाला.

माळाच्या तोंडाशी गाडी आली आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. समोर मोठं मैदान. त्यात ओळीच ओळी. प्रत्येक ओळीवर हिरवी नेट, खांबाखांबावर बल्ब, मध्ये पाण्याची सिमेंटची टाकी, आणि बाजा टाकून निवांत बोलत बसलेली माणसं.

"बघ बाई," तो म्हणाला. सगळा गाव तिला बाई म्हणायचा म्हणून तोही म्हणायचा. "हाय का न्हाई?"

"म्हशी हायत," पंचशीला म्हणाली.

"असतील की. शेतकऱ्यांचा भाग हाय."

फाटकावर श्रीमंत नावाचा माणूस रजिस्टर घेऊन बसला होता. छावणीचं सगळं तोच बघायचा. मागून चाऱ्याचा ट्रक येऊन हॉर्न वाजवत होता, त्यामुळं त्यानं मान वर न करताच पेन उघडलं.

"मोठं का ल्हान?"

पंढरीला वाटलं, गाडीचं विचारतोय. "मोठं," तो म्हणाला. "बावीस सीटर होती."

श्रीमंतनं मोठं लिहिलं. "नर का मादी?"

यावर पंढरी घोटाळला. खिडकीतून पंचशीलानंच सांगितलं की ही गाडी आहे.

"गाडी मंजी मादीच," असं म्हणत श्रीमंतनं तेही लिहिलं आणि मग पहिल्यांदा मान वर केली. बराच वेळ तो घरगाडीकडं बघत राहिला. पडद्यांकडं बघितलं, टाकीकडं बघितलं. पंचशीलाला वाटलं, आता हा लिहिलेलं खोडणार. त्यानं खोडलं नाही. उलट रजिस्टर मिटलं, ट्रकवाल्याला दुसऱ्या बाजूनं जायला सांगितलं आणि दोघांना चहा मागवला.

चहा पिताना त्यानं आपली तकलीफ सांगितली. पाचशे मोठी जनावरं असतील तरच छावणी चालू ठेवायची, असा त्या छावणीला वरून कागद आला होता. कालपर्यंत बरोबर पाचशे होती. आज सकाळी एक म्हातारा, बैलाशिवाय करमत नाही म्हणून आपला बैल घेऊन घरी निघून गेला. राहिली चारशे नव्याण्णव. उद्या साहेब मोजायला येणार. एक जनावर कमी म्हणून चारशे नव्याण्णव जनावरं रस्त्यावर येणार होती, आणि रस्त्यावर काडी नव्हती.

पंचशीला म्हणाली की हे खोटं आहे आणि आपण यात नाही. श्रीमंत वाद घालत बसला नाही. तो तिला पहिल्या ओळीपर्यंत घेऊन गेला आणि नुसता उभा राहिला. कातडीखालून बरगड्या मोजता येतील अशी ती जनावरं होती. त्यांच्या पायाशी माणसांचे संसार मांडलेले : पत्र्याची पेटी, चूल, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. एक म्हातारी बैलाचे डोळे ओल्या फडक्यानं पुसत होती.

"एकच रात," पंचशीला म्हणाली. "उद्या मोजणी झाली की आमी चाललो."

श्रीमंतनं "हाव" म्हणून मान डोलावली.

जनावराला कानात बिल्ला मारल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम होता. घरगाडीच्या उजव्या आरशाच्या दांड्याला पिवळा बिल्ला तारेनं आवळला. नववी दावण मिळाली. एका बाजूला कुणाची तरी म्हैस, दुसऱ्या बाजूला ती डोळे पुसणारी म्हातारी. तिचं नाव तुळजाबाई. तिची दोन बैलं आणि पाखरी नावाची एक कालवड होती. गाडी उभी राहते न राहते तोच एक गडी आला, बॉनेटसमोर पंधरा किलो हिरवा ऊस टाकून गेला, आणि बादलीभर पाणी ठेवून गेला.

पंढरीनं डिक्कीतून घडीची खुर्ची काढली, उलगडली, गाडीच्या दाराशी मांडली आणि तिच्यावर बसून समाधानानं चहूकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आलेच नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. श्रीमंत म्हणाला, साहेब न सांगता येतात, तीच त्यांची पद्धत आहे. पंचशीलानं सामान आवरलं आणि आता आम्ही निघतो म्हणून सांगितलं. तेव्हा श्रीमंतनं खाली मान घालून दुसरा कागद दाखवला. छावणीत नोंद झालेलं जनावर दोनच कारणांनी बाहेर काढता येत होतं. मेलं तर, नाहीतर बाजारात विकलं गेलं तर. परवा तो म्हातारा बैल घेऊन गेला त्यावरून श्रीमंतनं वरच्यांची बोलणी खाल्ली होती, म्हणून आता फाटकावर पोलीस बसवला होता.

"ही गाडी हाय," पंचशीला पुन्हा म्हणाली.

"ते मला ठावं हाय बाई. कागदाला कुठं ठावं हाय?"

मंगळवार आला आणि गेला. नांदेडच्या शेजारणीनं फोनवर सांगितलं की तुमचा ड्रम भरून ठेवला, काळजी करू नका. पंचशीलानं काळजी केलीच, पण तिचा काही उपयोग नव्हता.

पंढरी मात्र रोज नव्यानं उमलत होता. त्याला पाणी होतं, लाइट होता, शेजार होता. त्यानं छावणीची बंद मोटार चालू करून दिली. टँकरचा ब्रेक बघून दिला. कडबाकुट्टीचं पातं धारेला लावून दिलं. संध्याकाळी त्याच्या खुर्चीभोवती पाच-सहा जण बसायचे आणि तो त्यांना क्लच म्हणजे काय ते समजावून सांगायचा. परदेशात असंच असतं, असं तो पंचशीलाला रोज एकदा तरी म्हणायचा.

पंचशीलाचं काही जमत नव्हतं. पहिल्या दिवशी तुळजाबाईनं आडनाव विचारलं होतं. सोनकांबळे म्हटल्यावर म्हातारी जरा गप्प झाली आणि आपल्या चुलीकडं वळली. असल्या गप्प होण्याची पंचशीलाला सात बदल्यांच्या गावांतून सवय होती. तिनंही आपलं दार लोटून घेतलं. पण घरगाडीसमोर पडलेला ऊस तसाच सुकत चालला होता, आणि शेजारची कालवड दाव्याला ताण देऊन त्याच्याकडं मान काढत होती. लहान जनावराला निम्माच चारा मिळायचा. दोन दिवस पंचशीलानं ते बघितलं. तिसऱ्या दिवशी तिनं बाहेर येऊन सगळा ऊस उचलला आणि पाखरीपुढं टाकला.

तुळजाबाई बघत होती. "तुमच्या जनावराला?" तिनं विचारलं.

"ती डिझेलवर हाय."

म्हातारी हसली नाही. पण सकाळी ती भाकरी आणि तिखट घेऊन दारात आली, आत वाकून बघितलं, दिवाणावर हात फिरवून बघितला आणि बसली. त्यानंतर रोज यायची. बसल्यावर पाय वर घ्यायची. पंचशीलाच्या हातचा चहा गोड होतो, एवढीच तिची तक्रार होती.

बाराव्या दिवशी जनावरांचा डॉक्टर लाळ-खुरकताची लस घेऊन आला. पाचशे जनावरांना पाचशे डोस. एक उरला तर का उरला म्हणून वर लिहून द्यावं लागतं, आणि असं लिहून देण्यात त्याची मागच्या वर्षी पगारवाढ अडकली होती. नवव्या दावणीत आला तसा तो घरगाडीभोवती दोनदा फिरला. मग दार उघडून ड्रायव्हरच्या सीटच्या गादीत त्यानं सुई टोचली, कापसानं जागा चोळली आणि पंढरीला सांगितलं की चोवीस तास ओढकाम देऊ नका. पंढरीनं मान डोलावली. डॉक्टरनं पुस्तकात तपासणीही लिहिली. चारा खात नाही. रवंथ नाही. दुपारी अंगाला हात लावल्यास चटका बसतो. उपाय : सावली वाढवणे. त्याच दिवशी घरगाडीवर डबल नेट आली आणि आत इतकं गार झालं की पंचशीलाला बारा दिवसांत पहिल्यांदा दुपारची झोप लागली.

साहेब आले ते अठराव्या दिवशी, सकाळी अकराला. तरुण होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात यादी. ते जनावराकडं बघत नव्हते, बिल्ल्याकडं बघत होते. बिल्ल्याचा नंबर वाचायचा, यादीत टिक करायची, पुढं. श्रीमंत त्यांच्या मागं मागं चालत होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. नवव्या दावणीत साहेबांनी तुळजाबाईच्या बैलांचे बिल्ले वाचले, मग आरशाचा वाचला. टिक केली. पुढं एक पाऊल टाकलं आणि थांबले. यादीत शेऱ्याच्या रकान्यात डॉक्टरचं लिहिणं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

"अठरा दिवस चारा खाल्लेला नाही?" त्यांनी विचारलं.

श्रीमंत म्हणाला, नाही साहेब.

"आणि वजन?"

"घटलं न्हाई साहेब."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली आणि घरगाडी बघितली. त्यांच्या तोंडावर काही बदललं नाही. श्रीमंतनं डोळे मिटून घेतले. पंचशीला दारात उभी होती. साहेब तिच्याकडं वळले आणि विचारलं, "हे जनावर तुमचं का?"

तेहतीस वर्षांत तपासणीला आलेल्या कुठल्याच साहेबाला ती खोटं बोलली नव्हती. पटावर चाळीस आणि वर्गात एकवीस असतील तर एकवीसच सांगायची, मग हेडमास्तर आठवडाभर बोलेना का. तिनं तुळजाबाईकडं बघितलं. म्हातारीनं पाखरीच्या पाठीवर हात ठेवला होता. पंचशीला पायरी उतरून खाली आली. ती म्हणाली, "आमच्या घरचंच हाय साहेब. दोन वर्षं दारात वाढलं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

साहेबांनी मान हलवली. त्यांनी घरगाडीचा समोरून एक आणि बाजूनं एक फोटो घेतला. मग श्रीमंतला म्हणाले की अशा काटक जनावराची माहिती वर गेली पाहिजे, जिल्हा झाला की पहिल्या प्रदर्शनात ते ठेवता येईल. वाण कोणतं, असं त्यांनी विचारलं. श्रीमंतच्या तोंडून नांदेडी निघून गेलं. साहेबांनी ते लिहून घेतलं. पाचशे पूर्ण, छावणी चालू, अशी सही करून ते जीपमध्ये बसले. त्यांनी खरंच ओळखलं नाही की ओळखूनही टिक केली, हे पंचशीलाला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही नाही.

बातमी मात्र पसरली. न खाता जगणारं जनावर बघायला शेजारच्या गावांतून माणसं येऊ लागली. लांबून येऊन गाडी दिसली की ती हिरमुसायची, पण आलोच आहोत तर म्हणून आत डोकावून जायची. मुखेडकडून आलेला एक फेटेवाला म्हातारा सगळीकडून फिरून आला, चाकाला काठी लावून बघितली आणि पंढरीला विचारलं, खात नाही ते समजलं, पण शेण पडतं का. पंढरी म्हणाला, नाही. मग काय कामाचं, म्हणून म्हातारा निघून गेला. पंढरीला ते दोन दिवस लागून राहिलं.

महिना उलटला. पंचशीलाला आता दावणीतल्या सगळ्या जनावरांची नावं पाठ होती. पहाटे चारा येण्याआधी म्हशी कशा हंबरतात आणि टँकर आल्यावर कशा, हे तिला झोपेत कळायचं. नांदेडच्या नळाचे चार मंगळवार गेले होते. ती पंढरीला म्हणाली की आता काहीतरी करायला हवं. पंढरी खुर्चीत बसून चहा पीत होता. काय घाई आहे, असं तो म्हणाला. जग बघायला निघालेला माणूस पहिल्याच मुक्कामाला असा बूड टेकून बसेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

वाट काढली ती पाखरीनं. महिनाभर स्वतःचा चारा आणि वर घरगाडीचा पंधरा किलो, असं खाऊन ती अशी भरली की दावं बदलावं लागलं. तुळजाबाईनं एक दिवस तिचा खालचा ओठ ओढून बघितला आणि पंचशीलाला हाक मारली. पुढं दुधाचे दोन दात पडून तिथं दोन रुंद, पांढरेशुभ्र दात आले होते. कालवड दोनदाती झाली होती, म्हणजे मोठ्यात धरायच्या वयाची. डॉक्टरला बोलावलं. त्यानं दात बघितले आणि पुस्तकात लहान खोडून मोठं लिहिलं. छावणीत मोठी जनावरं पाचशे एक झाली. म्हणजे आता घरगाडी गेली तरी चालत होतं.

पण कागद राहिला होताच. मेलं, नाहीतर विकलं. श्रीमंत म्हणाला, मेलं लिहिणं सोपं आहे, डॉक्टरची एक सही. पंढरी खुर्चीवरून उठला. एका सेल्फला चालू होणाऱ्या गाडीला मेली म्हणून लिहायचं नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं आणि आत जाऊन बसला. मग विकायची, तर कुणाला? दुसऱ्याच्या नावावर गेली आणि त्यानं दिलीच नाही तर? तासभर चर्चा झाली. शेवटी पंचशीला म्हणाली, "मी घेते."

डोणवाड्याचा जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो. पोलिसाला श्रीमंतनं लिहून दिलेला बाजाराचा कागद दाखवून घरगाडी फाटकातून बाहेर पडली आणि बाजारात बैलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तुळजाबाई आणि श्रीमंत बरोबर आले होते. माणिकप्पा नावाचा दलाल होता, खांद्यावर टॉवेल, तोंडात पान. त्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, आपली काही अडचण नाही, पण सौदा झाल्याशिवाय पावती फाडणार नाही. चाळीस वर्षांत फाडली नाही. आणि सौदा म्हणजे रुमालाखाली हात.

त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. माणिकप्पानं टॉवेल झटकला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

भोवती शंभरेक माणसं गोळा झाली होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण चार लोकांत पंचशीलानं नवऱ्याचा हात कधी धरला नव्हता. लग्नातही हार घातले होते, तेवढंच. टॉवेलाखाली तो हात तिला आधी ओळखीचाच वाटेना. बोटांची टोकं दगडासारखी, अंगठ्यावर कुठल्यातरी सायलेन्सरनं भाजल्याचा गुळगुळीत डाग. तिला वाटलं, हा डाग आपल्याला माहीत नव्हता.

पंढरीनं तिची पाचही बोटं दाबली. तिनं त्याचं एक दाबलं. पंढरीनं मान वर करून बघितलं. दोन वर्षांची मेहनत होती, त्याला ते लागलं. त्यानं चार दाबली. तिनं पुन्हा एक. मग दोघंही थोडा वेळ काहीच न दाबता तसेच हात धरून उभे राहिले. माणिकप्पा वाट बघत पान चघळत होता. माणसं गप्प होती, कारण सौद्यात मध्ये बोलत नाहीत. तुळजाबाई मात्र पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

पंचशीलानं दोन बोटं दाबली आणि सोडली नाहीत.

"झालं," पंढरी म्हणाला.

दोन म्हणजे दोन काय, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. माणिकप्पानं दोनशे धरले, कारण त्या जनावरात त्याहून जास्त त्याला दिसलं नाही. त्यानं पावती लिहायला घेतली. विकणार पंढरी सोनकांबळे, घेणार पंचशीला सोनकांबळे. मग विचारलं, "जनावर कुठं नेणार?"

"नांदेड," पंढरी म्हणाला.

"तुमाला न्हाई विचारलं. तुमचं काय राहिलंय आता तिच्यात? घेणाऱ्यानं सांगायचं."

पंचशीला बोलायला गेली आणि थांबली. सात गावांत तिनं नोकरी केली होती. प्रत्येक वेळी ऑर्डर यायची, गावाचं नाव तिच्यात लिहिलेलं असायचं आणि ती ट्रंक भरायची. कुठं जायचं, असं पेन हातात धरून तिला कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं. बिलोलीला नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत ती आणि नागम्मा नावाची एक नर्स एका खोलीत राहिल्या होत्या. नागम्मा अजून बिलोलीतच होती. दर दिवाळीला फोन करायची, ये की एकदा राहायला, म्हणायची. तीस वर्षं पंचशीला येते येते म्हणत होती.

"बिलोली लिहा," ती म्हणाली.

पंढरीनं सांगून बघितलं की बिलोली उलट्या अंगाला आहे, डिझेल लागेल, आणि परवा मंगळवार आहे. परवा रविवार होता. पंचशीलानं पावतीची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि क्लीनर साइडचं दार उघडून वर चढली.

श्रीमंतनं आरशाचा बिल्ला पक्कडीनं कापून घेतला, कारण तो जमा करावा लागतो. तुळजाबाईनं खिडकीतून चार भाकऱ्या दिल्या. पंचशीलानं तिला नांदेडचा पत्ता दिला, तुळजाबाईला वाचता येत नव्हतं तरी. दोघींनी एकमेकींना या म्हटलं. गाडी वळली तेव्हा म्हातारी छावणीच्या वाटेला लागली होती, चाऱ्याची वेळ झाली होती.

बिलोलीत दिवस मावळायच्या आत पोचले. नागम्मा आता गुडघ्यांनी अधू झाली होती, केस सगळे पिकले होते. ती दारात आली आणि पंचशीलाला बघून तिनं आधी ओळखलंच नाही, मग ओळखून, ये म्हणायचं ते तेलुगूतच "रा वो, रा," म्हणत तिच्या गळ्यात पडली. जेवणं झाली. नागम्मानं दोघांची अंथरुणं घरात टाकली. पंढरी आपला गाडीत झोपायला गेला आणि दोघी जणी बोलत बसल्या. दुसऱ्या दिवशीही बोलतच बसल्या. पंढरीनं तोवर गल्लीतल्या दोन मोटारसायकली दुरुस्त केल्या आणि हे गाव बरं आहे, इथं महिनाभर राहायला हरकत नाही, असं जाहीर केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंचशीलानं त्याला गाडी काढायला सांगितली. तो डिझेल बघायला खाली वाकला असेल नसेल, तोच नागम्मा काठी टेकत बाहेर आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. तिनं घरगाडीची पायरी काठीनं दोनदा ठोकून बघितली आणि पंचशीलाला विचारलं, "आत तिघं मावताव का गं?"

"कुठं जायाचं हाय तुला?"

"ते तू बघ. मी कुलूप लावून आले."